दहा की अकरा

दसऱ्याला आमच्या गाळ्यात नवीन कॉम्प्युटर आला, आणि त्यात विंडोज दहा ठेवायची की अकरा, यावरून त्याच्या आगेमागचे काही दिवस माझा जीव टांगणीला लागला होता. असं सांगितलं की लोक हसतात. पण त्या आकड्यावर माझी खुर्ची राहणार की जाणार हे ठरणार होतं, आणि हे माझ्याशिवाय कुणाच्या गावीही नव्हतं.

आधी गाळ्याचं सांगते. भोसरी एमआयडीसीत आतल्या गल्लीत आमचं एक शटर आहे. हे पूर्वी पिंपरीच्या एका कंपनीत टूलरूमला, साचे बनवायच्या खात्यात, होते. टूलरूम बंद झाली तेव्हा लातूरला परत जायचं की इथेच पाय रोवायचे, असा प्रश्न होता. ह्यांनी जुनं वायरकट मशीन घेतलं. बारीक तारेत करंट सोडून पाण्याखाली कडक पोलाद कापतं ते मशीन. तारेनं कुठून कसं जायचं, त्याच्या रेघा आधी कॉम्प्युटरवर आखाव्या लागतात. त्यांचा प्रोग्राम होतो आणि तो मशीनमध्ये सोडतात. मशीन हे बघतात आणि रेघा मी आखते.

मी काही शिकून आलेली नाही. बारावी कॉमर्स झाल्यावर लग्न झालं. आमचा पहिला ऑपरेटर चाकणला मोठ्या कंपनीत लागला, तेव्हा दुसरा मिळेपर्यंत म्हणून मी त्याच्या खुर्चीत बसले. त्यानं जाताना थोडंफार दाखवलं, बाकीचं मी चुकत-माकत शिकले. तारा तोडल्या, एक चांगला ठोकळा भंगारात घातला, ह्यांची बोलणी खाल्ली आणि उलट ऐकवलंही. तात्पुरती बसलेली मी अजून उठलेली नाही. गिऱ्हाइकाचा फोन आला की हे रिसीव्हरवर हात ठेवल्यासारखं मोबाइल छातीला लावतात आणि समोरच्याला सांगतात, थांबा, मिसेसना विचारून सांगतो किती वेळ लागेल ते. हे वाक्य ऐकायला मी रोज सकाळी संत तुकाराम नगरहून डबा घेऊन निघते, असं म्हटलं तरी चालेल.

आमचा जुना कॉम्प्युटर विंडोज सातवर चालायचा. तो सुरू होईपर्यंत माझा चहा करून, पिऊन, कप विसळून व्हायचा. तरी त्याला बदलायचं माझ्या मनात नव्हतं, कारण रेघा आखायचं माझं सॉफ्टवेअर त्याच्यावर होतं आणि त्याची प्रत्येक खोड मला पाठ होती. पण आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे चाकणची एक कंपनी. तिथल्या क्वालिटीच्या साहेबांनी कळवलं की दिवाळीनंतर आमच्यासारख्या सगळ्या व्हेंडरचं ऑडिट आहे. कंपनीचं ड्रॉइंग ज्या ज्या कॉम्प्युटरवर उघडतं, त्यावर चालू काळातली विंडोज पाहिजे. सात तर मुळीच नको, आणि दहालाही आता वरून अपडेट यायचे बंद होणार, तेव्हा अकराच घ्या.

चिंचवड स्टेशनजवळचा आमचा कॉम्प्युटरवाला म्हणाला, अकरा टाकतो, पण तुमचं सॉफ्टवेअर फार जुनं आहे, ते अकरावर चालेल याची खात्री मी देत नाही. मग मी सॉफ्टवेअर विकणाऱ्यांकडे फोन लावला. तिथल्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं की अकरासाठी आमचं नवीन व्हर्जन घ्या. सगळा स्क्रीन बदललाय, जुन्यासारखं काहीच नाही. ट्रेनिंग असतं, ऑपरेटरचा डिप्लोमा झालेला असेल तर पटकन जमतं. डिप्लोमा नसेल तर काय होतं, हे मी विचारलं नाही.

संध्याकाळी ह्यांना हे सगळं सांगितलं. हे मशीनची टाकी पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "मग बरंच हाय की. अकरा आली की एखादा डिप्लोमावाला ठेवू. तू सुटलीस."

सुटलीस. अगदी मोकळ्या मनानं म्हणाले, कौतुकानं म्हटलं तरी चालेल. मी डबे गोळा केले, शटर ओढायला हात लावला आणि घरी येऊन कणीक मळली. मी एरवी तोंड मिटून बसणारी बाई नव्हे, हे आमच्या गल्लीतल्या कुणालाही विचारा. पण तो शब्द इतका सहज आला होता की त्यावर भांडायचं कुठून, हेच मला सुचेना.

त्या दिवसापासून मी दहाची बाजू घेतली. दहावर जुनं सॉफ्टवेअर चालतं हे आमच्या शेजारच्या गाळ्यात बघितलं होतं. दहा म्हणजे माझी खुर्ची आणि अकरा म्हणजे डिप्लोमावाला, इतका साधा हिशेब मी मनात मांडला. ह्यांना मात्र सांगायची की दहा हलकी आहे, दहा सगळ्यांना माहितीये, ऑडिटवाले काय प्रत्येक कॉम्प्युटर उघडून बघणार आहेत? हे म्हणायचे, बघतील की. मग मी भांडी जरा जास्त जोरात ठेवायची.

दसरा आला. नवीन वस्तू घ्यायला यापेक्षा चांगला मुहूर्त नाही, यावर आमच्या दोघांचंही एकमत होतं, आणि त्या सुमारास आमचं एकमत होण्यासारखं तेवढंच उरलं होतं. कॉम्प्युटरवाल्यानं सकाळीच नवीन कॉम्प्युटर आणून जोडला. त्यात ह्यांच्या सांगण्यावरून अकराच होती. जुन्यातलं सगळं त्यानं पेनड्राइव्हवर काढून दिलं, सॉफ्टवेअरही नव्यात घातलं आणि जुना डबा मोडीत घेऊन गेला. सॉफ्टवेअर उघडून बघायला कुणी थांबलं नाही, कारण गाळ्यात पूजा मांडलेली होती. पूजेला ठेवलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, ही ह्यांची टूलरूमपासूनची शिस्त आहे.

पूजा हे स्वतः करतात आणि मनापासून करतात. मशीन धुऊनपुसून लखलखीत केलेलं, व्हर्नियर, मायक्रोमीटर, पाने, सगळं पाटावर ओळीनं. हळद-कुंकू ओलं कालवलेलं. झेंडूचा हार मशीनला, छोटा हार मॉनिटरला. मी पाटावर डोंगल ठेवलं. डोंगल म्हणजे पेनड्राइव्हसारखी दिसणारी आमच्या सॉफ्टवेअरची चावी. ती कॉम्प्युटरच्या मागे लावलेली असेल तरच सॉफ्टवेअर उघडतं, नाहीतर नाही. तिचं टोपण कधीच हरवलं होतं. हे म्हणाले, खरी लक्ष्मी ही, हिच्याशिवाय सगळं बंद. आणि तिला पुढून, मागून, अगदी भरभरून हळद-कुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या. मी हात जोडले. संध्याकाळी ह्यांनी ती वरवर पुसून नव्या कॉम्प्युटरच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला लावून टाकली.

दुसऱ्या दिवशी काम सुरू करायला गेलो. चाकणचं एक अर्जंट काम हातात होतं. त्यांच्या डायमधला, म्हणजे साच्यातला, एक तुकडा फुटला होता, तो नवीन कापून द्यायचा होता आणि त्यांची प्रॉडक्शन लाइन त्यासाठी थांबणार होती. मी खुर्चीत बसले, सॉफ्टवेअरवर क्लिक केलं. एक चौकट आली. चावी सापडत नाही. पुन्हा केलं, तीच चौकट. बंद करून चालू केला, तरी तीच.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला आनंद झाला. म्हटलं, बघा, अकरावर नाही चालत. ह्यांच्याकडे वळून ते बोलूनही दाखवलं. ह्यांचा चेहरा उतरला. चाकणहून तासातासाला फोन येत होते. मशीन पाणी भरून, तार ओवून तयार उभं होतं आणि त्याला जायला वाट नव्हती. कॉम्प्युटरवाला आला, त्यानं इकडेतिकडे केलं आणि माझ्याच बाजूनं निकाल दिला. म्हणाला, जुनी चावी अकरा घेत नाही, दहा टाकून देतो. टाका, मी म्हटलं. ह्यांना विचारलंही नाही.

दहा टाकायला दुपार गेली. मी स्टुलावर बसून पडद्यावरचे गोल फिरणारे ठिपके बघत होते. हे शटरच्या बाहेर फोनवर चाकणच्या साहेबांना होतंय, होतंय म्हणत होते. दहा आली. सॉफ्टवेअर घातलं. मी ऐटीत क्लिक केलं.

चावी सापडत नाही.

अकरावर चालत नाही याचा आनंद मी सकाळी करून बसले होते. पण दहावरही चालत नसेल तर जुना कॉम्प्युटर गेलेला, जुनं सॉफ्टवेअर गेलं, आणि मीही गेले. कॉम्प्युटरवाला डोकं खाजवून म्हणाला, वहिनी, मग नवीन व्हर्जनशिवाय इलाज नाही दिसत. ह्यांनी ते ऐकलं. म्हणाले, उद्या सकाळी त्या बाईंना फोन करतो, आणि शेजारच्या गाळ्यातल्या कुणाच्या तरी भाच्याचा डिप्लोमा झालाय, त्याला बोलावून घेतो. माझ्याशी नाही, कॉम्प्युटरवाल्याशी बोलत होते. मी तिथेच, दोन हातांच्या अंतरावर बसलेली.

मग मात्र मी फुटले. दसऱ्याला हात न लावायची शिस्त तुमची, जुना कॉम्प्युटर द्यायची घाई तुमची, आणि आता भाचे कुणाचे कुणाचे बोलवताय. आवाज शेजारच्या गाळ्यात गेला असणार, कारण तिथलं लेथ बंद झालं. हेही तडकले. म्हणाले, लाइन थांबलीये त्यांची, चाकणवाले आपला व्हेंडर कोड बंद करून काम काढून घेतील, आणि तुला खुर्चीचं पडलंय. खुर्ची हा शब्द ह्यांच्या तोंडून पहिल्यांदा आला, पण तो ह्यांनी खरंच कळून वापरला की नुसता रागात, ते मला तेव्हा समजलं नाही. कॉम्प्युटरवाल्यानं हळूच बॅग उचलली आणि चहा पिऊन येतो म्हणून गेला.

रात्र कशीतरी काढली. सकाळी मी ह्यांच्या आधी गाळ्यात आले. ठरवलं होतं की चावी काढायची, पर्समध्ये टाकायची आणि त्या सॉफ्टवेअरवाल्या बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवायची. ही तुमची चावी, चालवून दाखवा. टेबल भिंतीपासून ओढलं, मागे हात घालून चावी उपटली आणि पर्स शोधायला शटरच्या उजेडात आले. चावीच्या पत्र्याच्या तोंडात काहीतरी लाल दिसलं. वाटलं आतला रंग असेल. नखानं खरवडलं तर वाळलेलं कुंकू निघालं. एक अक्षत पण निघाली.

मी तिथेच खाली बसले. हसू यायला हवं होतं, पण रडू आलं. जुन्या टूथब्रशनं आणि स्पिरिटनं ती चावी साफ केली, इतकी साफ केली की विकत आणली तेव्हाही तेवढी नसेल. वाळवली. लावली. दहावर क्लिक केलं आणि माझा जुना राखाडी स्क्रीन, माझी सगळी बटणं जागच्या जागी, समोर उघडली.

हे आले तेव्हा मी रेघा आखत होते. ह्यांनी काही विचारायच्या आत मी अक्षत दाखवली आणि ही तुमची लक्ष्मी, हिचा घसा तुम्ही दाबला होता, असं सुनावलं. हे अक्षतेकडे बघत राहिले, मग कान पकडले. प्रोग्राम झाला, तार चालली, तुकडा निघाला. दुपारनंतर आम्ही दोघं तो घेऊन ओम्नीतून चाकणला निघालो. साहेबांनी तुकडा मापला, बरोबर निघाला, लाइन चालू होणार म्हणून त्यांचाही आवाज मऊ झाला. निघताना त्यांनी विचारलं, ऑडिटला कुठली विंडोज दाखवणार? हे म्हणाले, बघतोय साहेब. साहेब म्हणाले, बघू नका, अकरा करा, त्यावर माझ्या हातात काही नाही.

परत येताना मोशीच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये अडकलो. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, इंजिन बंद करून लोक खाली उतरलेले. तिथे मी बसले होते आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. चावीच बंद होती तर अकराचा दोष कुठे सिद्ध झाला? चालू चावी अकरावर कुणी लावूनच बघितली नव्हती. कदाचित चालेल, कदाचित नाही. हे फक्त माझ्या लक्षात आलं होतं. ह्यांच्या डोक्यात अजून तेच पक्कं होतं की अकरा चावी घेत नाही. मी गप्प बसले असते तर दहा राहिली असती. ऑडिटपर्यंत तरी खुर्ची माझी होती. ऑडिटनंतर चाकणचं काम राहिलं असतं का, हा विचार मी मागे ढकलत होते आणि तो पुन्हा पुढे येत होता.

तेवढ्यात कॉम्प्युटरवाल्याचा फोन आला. त्याला कळलं होतं की चालू झालं, आता दहाच ठेवायची की अकरा ते विचारत होता. हे त्याला म्हणाले, थांब, विचारून सांगतो. मोबाइल छातीला लावला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सध्या दहाच राहू दे ना? तुला सोपं पडंल. ऑडिटच्या आत मी पोरगा बघतो, मग अकरा टाकू. तू कशाला ताण घ्यायलीस?"

किती दिवस गिळलेलं होतं ते सगळं त्या एका वाक्यानं वर आलं.

"मला घरी बसायचं नाही," मी म्हटलं.

"कुणी म्हणलं घरी बस म्हणून?"

"तुम्हीच. सुटलीस म्हणालात."

ह्यांचा अंगठा मोबाइलवर नुसता फिरत होता. मग समोरच्या कंटेनरकडे बघत, मला जेमतेम ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाले, "मला वाटायचं तू माझ्यासाठी यायलीस. टूलरूम गेली, माणूस ठेवायची ऐपत नव्हती, म्हणून बसलीस. इतकी वर्षं तुला अडकवून ठेवलं, हेच डोक्यात हाय माझ्या."

ह्यांच्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही. ज्या खुर्चीसाठी मी रोज पहाटे उठत होते, ती ह्या माणसाला माझी शिक्षा वाटत होती. आणि ती शिक्षा आपण दिली म्हणून हा माणूस मनातल्या मनात झुरत होता. एका ताटात जेवलेली आम्ही दोन माणसं, आणि हे एकमेकांना विचारायला आम्हाला मोशीचं ट्रॅफिक लागलं. मला ह्यांचा राग आला, माझाही आला.

मी ह्यांच्या हातातून मोबाइल घेतला. कॉम्प्युटरवाला अजून लाइनवर होता, आणि त्यानं काय काय ऐकलं असेल ते असो.

"अकरा टाका," मी म्हटलं. "अकराचा काही दोष नव्हता, चावीत कुंकू होतं."

तो म्हणाला, वहिनी, चावी साफ केली तरी अकरावर जुनं सॉफ्टवेअर चालेलच असं नाही, मी परत सांगतो, मग माझ्या नावानं बोलू नका. नाही चाललं तर काय करणार?

"तर नवीन शिकेन," मी म्हटलं. "ट्रेनिंगला माझं नाव लिहायला सांगते त्या सॉफ्टवेअरवाल्या बाईंना."

पुढचा कंटेनर हलला होता. मागचा हॉर्नवर हॉर्न देत होता, बाजूनं रिक्षा घुसायला बघत होत्या. हे स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तसेच बसून होते. गाडी चालू करायची आहे, हे ह्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.